गिटारची गुणगुण आणि तोडलेली तिसरी पिन

श्रावण संपत आला की कर्जत-खालापूरकडच्या गावांत संध्याकाळी सरावाचे आवाज येऊ लागतात. कुठे ढोल, कुठे लेझीम, कुठे बँजो. माझा भाचा कर्जतला असतो, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. खोपोलीच्या दोन मित्रांबरोबर त्याने एक छोटा गट काढला आहे: एक बँजो, एक ऑक्टोपॅड आणि भाच्याची इलेक्ट्रिक गिटार. गेल्या वर्षी गणपतीच्या तीन आठवडे आधी त्याचा फोन आला.

"मामा, पिकअप बदलायचाय. कुठला घेऊ?"

"का रे? बिघडलाय?"

"बिघडला नाही, पण घूं करतो फार. वाजवायचं थांबलं की सगळा मंडप गुणगुणतो."

रविवारी येतो, तोवर काही विकत घेऊ नकोस, असे सांगून मी फोन ठेवला. रविवारी गेलो. गिटार हातात घेण्याआधी सवयीने ॲम्प्लिफायरची वायर पाहिली आणि पोटात गोळा आला. तीन पिनांच्या प्लगची वरची जाड पिन पक्कडीने तोडून टाकलेली होती.

"ही कोणी तोडली?"

"मीच. एकाने सांगितलं होतं, पिन काढली की घूं कमी होते. आणि झाली ना थोडी."

ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली. पिकअप, प्लग यातले तिला काही कळत नव्हते, तिने माझा चेहरा पाहिला आणि विचारले, "काय झालं रे?"

काय झाले ते तिला सांगितले, आणि आज इथेही सांगतो आहे. इलेक्ट्रिक गिटारची गुणगुण घालवण्याचे बरेच मार्ग आहेत. त्यांतले जवळजवळ सगळे गिटारच्या आत आहेत, आणि तिथे काम करताना विजेचा धोका शून्य. बाहेरचा मार्ग, म्हणजे अर्थची पिन तोडणे, हा सर्वांत सोपा, फुकटचा आणि जिवावर बेतणारा.

खोपोलीचे वीजघर, गिटारएवढे

पिकअप म्हणजे काय हे कर्जत-खालापूरच्या माणसाला सांगायला फार लांब जावे लागत नाही. लोणावळा, वळवण आणि शिरवट्याच्या तलावांचे पाणी घाटाखाली सुमारे ५०० मीटर उतरून खोपोलीच्या वीजघरात येते आणि पेल्टन चाकांवर आदळते. टाटांचे हे वीजघर १९१५ साली सुरू झाले, मुंबईच्या गिरण्यांसाठी. पुढे १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचे आले. दोन्ही ठिकाणी शेवटी घडते ते एकच: चुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे एकमेकांजवळ ठेवून चुंबकीय क्षेत्र हलवायचे, की वेटोळ्यात वीज उमटते. मायकेल फॅरेडेने हे १८३१ साली दाखवून दिले.

पिकअपमध्येही चुंबक आहे आणि वेटोळे आहे. फक्त दोन्ही जागचे हलत नाहीत. हलते ती वरची पोलादी तार. चुंबकामुळे तारेचा तेवढा भाग स्वतःच किंचित चुंबक झालेला असतो. तार छेडली की वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र तिच्या लयीत कमीजास्त होते आणि वेटोळ्याच्या टोकांना काही दशांश व्होल्टचा, कधी त्याहूनही कमी, दाब उमटतो. तोच ॲम्प्लिफायर मोठा करतो. म्हणून नायलॉनच्या तारा लावल्या तर इलेक्ट्रिक गिटार मुकी होते.

एका साध्या पिकअपवर तारेचे सुमारे ८,००० फेरे असतात. तार ०.०६ मिलिमीटरच्या आसपास जाड, म्हणजे केसाएवढी. सगळी उलगडली तर साधारण किलोमीटरभर भरेल. जॉर्ज बोशां या हवाईयन गिटार वाजवणाऱ्या अमेरिकी माणसाने १९३१च्या सुमारास असा पिकअप तयार केला आणि रिकनबॅकरच्या कारखान्यातून तो बाजारात आला. वाद्याचा आकार तव्यासारखा होता म्हणून लोक त्याला 'फ्राइंग पॅन'च म्हणू लागले. नव्वद वर्षांत आकार बदलले, चुंबकांचे मिश्रधातू बदलले. तत्त्व तेच राहिले.

आपल्याकडचा बँजोही याच कुळातला. मिरवणुकीत आणि हळदीला वाजतो तो अमेरिकी बँजो नव्हे. टंकलेखन यंत्रासारख्या कळांचे हे वाद्य जपानच्या ताइशोगोतोचा वंशज आहे. नागोयाच्या मोरिता गोरो यांनी ते १९१२ मध्ये काढले. आपल्याकडे त्याचे बुलबुल तरंग झाले आणि त्याला पिकअप बसल्यावर रस्त्यावरच्या ताशांशी टक्कर देणारा बँजो. २०१६ मध्ये रवी जाधव यांनी त्याच नावाचा चित्रपटही काढला. हे सांगायचे कारण इतकेच की पुढे जे गिटारबद्दल लिहिले आहे ते बहुतेक सगळे पिकअप लावलेल्या बँजोलाही लागू पडते.

गुणगुण येते कुठून?

केसाएवढ्या तारेचे आठ हजार फेरे घातलेले वेटोळे फार चोखंदळ नसते. हे क्षेत्र तारेमुळे हलले की शेजारच्या ट्रान्सफॉर्मरमुळे, हे त्याला कळत नाही. आपल्या घरातल्या विजेची सेकंदाला ५० आवर्तने होतात. भिंतीतल्या वायरी, ट्यूबलाइटचा चोक, ॲम्प्लिफायरचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर, मोबाइलचा चार्जर, दिवा मंद करायचे बटन, सगळे मिळून ५० आणि त्याच्या पटीतल्या कंपनांचे धुके घरात पसरवत असतात. पिकअप ते इमानेइतबारे उचलतो. त्यातला १०० हर्ट्झचा सूर पेटीच्या पांढरी पाचच्या अगदी जवळ आहे. मंडपातल्या गाण्याचा सूर वेगळा असेल तर ही गुणगुण आणखी खुपते.

घरावरून गेलेल्या उच्च दाबाच्या तारांमुळे असे होते, अशी भाच्याच्या मित्राची खात्री होती. खोपोली-भिवपुरीच्या परिसरात अशा तारा पुष्कळ, त्यामुळे हा समज स्वाभाविक आहे. पण चुंबकीय क्षेत्र अंतराबरोबर झपाट्याने ओसरते. दूरच्या मनोऱ्यापेक्षा मांडीजवळचा ॲम्प्लिफायर आणि डोक्यावरची ट्यूब यांचाच वाटा सहसा मोठा असतो.

या धुक्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांवरचे उपाय वेगळे आहेत. पिकअप विकत घेण्याआधी एवढे समजून घेतले तर पैसे वाचतात. एक भाग विद्युत क्षेत्राचा: कर्कश, खरखरीत, माशी घोंघावल्यासारखा. दुसरा चुंबकीय क्षेत्राचा: खोल, सलग घूं. ओळखायचे कसे? अर्थिंग नीट असल्याची खात्री करून गिटार ॲम्प्लिफायरला लावा, आवाज मध्यम ठेवा. तारांना हात लावल्यावर खरखर कमी झाली तर तो विद्युत क्षेत्राचा भाग. आपले शरीर अँटेनासारखे ती खरखर गोळा करून पिकअपपाशी आणत असते. तारा अर्थला जोडलेल्या असल्याने हात लावला की शरीरही अर्थला जोडले जाते आणि अँटेना बंद होते. मग खुर्चीत बसल्या जागी हळूहळू गोल फिरा. एखाद्या दिशेला घूं जवळजवळ नाहीशी होत असेल, तर ती चुंबकीय.

हात लावल्यावर आवाज वाढला किंवा बोटांना झिणझिण्या आल्या, तर मात्र पुढे काही करू नका. बोर्डाचे बटन बंद करा आणि वायरमनला बोलवा.

तांब्याचा पत्रा वेटोळ्याभोवती लावला की विद्युत क्षेत्राची खरखर थांबते. यालाच फॅरेडेचा पिंजरा म्हणतात; तो त्याने १८३६ मध्ये दाखवला. पण ५० हर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र पातळ तांब्यातून आरपार जाते. त्यासाठी वेगळी युक्ती लागते, आणि ती गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये शोधली. एकाऐवजी दोन वेटोळी शेजारी ठेवायची. दुसऱ्याचे फेरे उलट गुंडाळायचे आणि चुंबकही उलटा ठेवायचा. बाहेरून आलेली घूं दोन्हींत सारखीच शिरते, पण फेरे उलट असल्याने एकात अधिक आणि दुसऱ्यात उणे होऊन ती एकमेकींना खाऊन टाकते. तारेच्या सुराचे मात्र दोनदा उलटते, एकदा फेऱ्यांनी आणि एकदा चुंबकाने, म्हणून तो सुलटाच राहतो आणि दुप्पट होतो. गुणगुण मारणारा म्हणून त्याचे नाव हंबकर. इतकी सोपी आणि इतकी सुंदर कल्पना शाळेच्या पुस्तकात का नाही, असे मला नेहमी वाटते.

तिसरी पिन कशासाठी असते

तारांना हात लावला की शरीर अर्थला जोडले जाते, असे वर म्हटले. सगळी गोम त्यातच आहे. गिटारच्या तारा पुलाला टेकतात, पूल आतल्या वायरने जॅकला, जॅक केबलने ॲम्प्लिफायरच्या पत्र्याला आणि तो पत्रा जाड पिनेतून घराच्या अर्थिंगला जोडलेला असतो. साखळी शाबूत असेल तर ॲम्प्लिफायरमध्ये काही बिघडून फेज पत्र्याला लागली तरी प्रवाह अर्थमधून जातो, फ्यूज उडतो, माणूस वाचतो. पिन तोडली की तोच पत्रा, तीच केबल, त्याच तारा २३० व्होल्टला लटकतात आणि वाजवणाऱ्याचा डावा हात त्यांना घट्ट धरून असतो. तो पुढे वाकून माइकला ओठ लावतो. माइक दुसऱ्या यंत्राला, दुसऱ्या अर्थला जोडलेला. प्रवाहाला वाट मिळते ती हातातून छातीत आणि छातीतून ओठांत.

ही केवळ कल्पना नाही. ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वानसी इथे 'स्टोन द क्रोज'चा गिटारवादक लेस्ली हार्वी रंगमंचावर असाच गेला. गिटार हातात असताना त्याने अर्थिंग सदोष असलेल्या माइकला हात लावला. 'यार्डबर्ड्स'चा गायक कीथ रेल्फ १९७६ मध्ये स्वतःच्या घरी गिटार वाजवताना विजेच्या धक्क्याने गेला.

शरीराला किती प्रवाह पुरतो? एक मिलिॲम्पिअर जाणवतो. दहाच्या आसपास स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. तीसच्या पुढे तो छातीतून काही वेळ वाहिला तर हृदयाचे ठोके विस्कटू शकतात, आणि ५० हर्ट्झची वीज त्यासाठी विशेष वाईट. कोरड्या त्वचेचा अडथळा चांगला असतो. घामाने किंवा पावसाने भिजलेल्या शरीराचा तो सुमारे १,००० ओहमवर येतो, आणि २३० भागिले १,००० हा हिशेब कोणालाही करता येईल. आता कर्जत-खालापूरचा भाद्रपद डोळ्यांसमोर आणा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणारा मुलूख, ओली जमीन, ताडपत्रीतून ठिबकणारे पाणी, उघडे पाय, घामेजलेले हात आणि टेपपट्टीने जोडलेल्या वायरी.

भाच्याने एक गोष्ट मग हळूच सांगितली. पिन तोडल्यापासून तारांना हात लावला की कधीकधी चिमटा बसल्यासारखे व्हायचे. "पण फार नाही, मामा." तो चिमटा म्हणजे सूचना होती. आजच्या बऱ्याच यंत्रांत वीज स्वच्छ करण्यासाठी फेज आणि न्यूट्रल दोन्हींपासून पत्र्यापर्यंत छोटे कपॅसिटर लावलेले असतात. अर्थ नसेल तर पत्रा अर्ध्या दाबावर, साधारण ११५ व्होल्टवर तरंगत राहतो. त्यातून जाणारा प्रवाह अगदी थोडा, त्यामुळे तेवढ्याने जीव जात नाही. पण तो ओरडून सांगत असतो की इथे अर्थ नाही, आणि पुढचा बिघाड झाला तर मला अडवायला कोणी नाही. (दोनच पिनांची, दुहेरी आवरणाची यंत्रेही असतात, त्यांच्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असते. ती तशीच वापरायची असतात. तीन पिनांच्या यंत्राची पिन तोडणे ही वेगळी गोष्ट.)

त्या दिवशी पहिले काम म्हणून प्लग बदलला आणि गल्लीतल्या वायरमनला बोलावले. त्याने बोर्ड तपासला. घरामागे मीठ-कोळसा घातलेला अर्थिंगचा खड्डा होता, पण त्यातून वर येणारी तार कित्येक पावसाळ्यांत गंजून तुटलेली. म्हणजे पिन शाबूत असती तरी उपयोग नव्हता! त्याने नवी तार ओढली आणि मुख्य बोर्डावर ३० मिलिॲम्पिअरला पडणारा आरसीसीबी बसवायला सांगितले. ताईने त्याच आठवड्यात बसवून घेतला. गिटारपेक्षा गिझरसाठी बरा, म्हणाली.

मंडपातली गोष्ट थोडी अवघड असते. जनरेटरवर न्यूट्रल अर्थला जोडलेला नसेल तर आरसीसीबी वेळेवर पडेलच असे नाही. ती जोडणी जाणकार वायरमननेच करायची. ॲम्प्लिफायर, मिक्सर, माइकची यंत्रणा सगळे एकाच, अर्थ असलेल्या बोर्डावरून घ्यायचे. दोन वेगळ्या बोर्डांवरून घेतले की अर्थची दोन टोके मिळून एक फेरा तयार होतो आणि त्यातूनही घूं येते. पिन तोडल्यावर भाच्याची घूं 'थोडी कमी' झाली ती यामुळेच. त्यावरचा बरोबर उपाय म्हणजे डीआय बॉक्स नावाची छोटी पेटी. तिच्यावरचे बटन आवाजाच्या केबलची अर्थजोडणी तोडते, विजेच्या प्लगची नाही.

ओट्यावरून हकालपट्टी

मग गिटार उघडली. गिटारच्या आत स्वतःची वीज नसते, त्यामुळे केबल काढली की तिथे धक्का बसायचा प्रश्नच नाही. ॲम्प्लिफायर मात्र घरी उघडू नका. बंद केल्यावरही त्यातले कपॅसिटर शेकडो व्होल्ट धरून बसलेले असू शकतात.

भाच्याने सोल्डरिंगचे सामान ओट्यावर मांडले आणि ताईने त्याला तिथून हाकलले. तिचे बरोबर होते. डाख देण्याची नेहमीची तार म्हणजे कथील आणि शिसे, बहुधा ६० आणि ४० या प्रमाणात. ती १८५ अंशांच्या आसपास वितळते. साडेतीनशे अंशांच्या टोकाने शिशाची वाफ नगण्य होते. शिसे पोटात जाते ते बोटांवरून. डाखाची तार हाताळायची आणि त्याच हाताने चहासोबतचे बिस्किट खायचे, हा खरा धोका, आणि घरात लहान मूल असेल तर फारच मोठा, कारण वाढत्या मेंदूला शिशाची सुरक्षित अशी मात्राच नाही. वर्तमानपत्र पसरून वेगळ्या टेबलावर काम, नंतर साबणाने हात, आणि टेबल ओल्या फडक्याने पुसणे. झाडू नको, त्याने धूळ उडते.

डोळ्यांना झोंबतो तो धूर शिशाचा नसतो, राळेचा असतो. सारंगीच्या गजाला लावतात तीच पाइनची राळ डाखाच्या तारेच्या पोटात भरलेली असते, धातू स्वच्छ करायला. तिचा धूर सतत हुंगणाऱ्या कारागिरांना दमा होतो, हे इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांतून चांगलेच माहीत झाले आहे. एका गिटारने काही होणार नाही, पण दम्याच्या माणसाने खिडकीजवळ, छोटा पंखा धूर बाहेर ओढेल असा ठेवूनच बसावे. भाच्याला लहानपणी बाळदमा होता. आम्ही पडवीत बसलो.

आतले दृश्य स्वस्त गिटारींत दिसते तेच. कोरलेली खोबण नुसती लाकडाची, कुठे पत्रा नाही. वायरी लांबच लांब, गुंडाळून कोंबलेल्या. जॅकचे पान पावसाळी हवेने काळे पडलेले, पाच बाजूंच्या स्विचवर हिरवट गंज. आधी मोबाइलवर फोटो काढले. जुनी जोडणी आठवेल असे वाटते, आठवत नाही. मग खोबणीला चिकट तांब्याची पट्टी लावली, प्रत्येक तुकडा शेजारच्यावर चढवून, आणि सगळ्याची एक वायर अर्थच्या बिंदूला. पट्टीच्या कडा बोटे कापतात, हे लिहून ठेवतो. मल्टिमीटरने पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अडथळा पाहिला, एक ओहमच्या आत आला. पुलाखाली जाणारी वायर सैल होती, तिला नवा डाख दिला. जॅक नवा, स्विच स्वच्छ. ढाल आणि अर्थ, दोन्ही त्याच दुपारी झाले.

तिथेच कळ फिरवायच्या पॉटचेही पाहिले. साध्या पिकअपला २५० किलोओहमचे आणि हंबकरला ५०० किलोओहमचे पॉट लावण्याची प्रथा आहे. पॉट लहान असला तर तो वरचे सूर खाऊन टाकतो आणि चांगला पिकअपही बोदा वाटतो. भाच्याच्या गिटारीतले पॉट ठीक होते. केबल मात्र दहा मीटरची. केबल म्हणजे लांबलचक कपॅसिटर. पिकअपचे वेटोळे आणि केबल मिळून झोपाळ्यासारखे एका ठरावीक कंपनाला जास्त डोलतात. पाच मीटरच्या केबलला साध्या पिकअपचा हा उंचवटा ४,००० हर्ट्झच्या आसपास येतो, दहा मीटरच्या केबलला ३,००० पर्यंत उतरतो. आवाज 'उघडा' हवा असेल तर नव्या पिकअपआधी छोटी केबल लावून बघणे स्वस्त पडते.

संध्याकाळी गिटार जोडली. खरखर जवळजवळ गेली होती. हात लावला काय, न लावला काय, फरक नाही. खोल घूं उरली होती, दिशा बदलली की कमी होणारी. म्हणजे आता खरेच पिकअपचा प्रश्न होता आणि आता कुठे तो खरेदीला जायला मोकळा झाला. कर्जतहून लोकलने दादर, तिथून ग्रँट रोड, मग लॅमिंग्टन रोड: इलेक्ट्रॉनिक्सच्या किरकोळ सामानासाठी अजूनही तीच वाट. त्याने साध्या पिकअपच्याच आकारात मावणारा, एकावर एक दोन वेटोळी रचलेला पिकअप पुलाजवळच्या जागी घेतला, म्हणजे लाकूड कोरावे लागले नाही. बाकीचे दोन तसेच ठेवले. तिन्ही बदलायची गरज नव्हती. अनेक गिटारींत मधला पिकअप उलट गुंडाळलेला असतो, त्यामुळे स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागी दोन साधे पिकअप मिळूनच हंबकरचे काम करतात.

नवा पिकअप बसवताना एक चूक झाली. दोन पिकअप एकत्र लावले की आवाज पातळ, नाकातून आल्यासारखा. वायरींचे रंग कंपनीगणिक वेगळे असतात. पांढरी म्हणजे अमुक असा काही जागतिक नियम नाही. दोन वायरी अदलाबदल केल्या, भरदार झाला. पिकअप तारेच्या फार जवळही आणू नये. चुंबक तार ओढू लागला की सूर डळमळतो. दोन-तीन मिलिमीटर अंतर पुरते.

राहता राहिले कान. मघाचा तो तीन-चार हजार हर्ट्झचा उंचवटा आठवा. माणसाच्या कानाची नळीही ३,००० हर्ट्झच्या आसपास घुमते, म्हणून याच पट्ट्यात आपल्याला सर्वांत बारीक ऐकू येते. मोठ्या आवाजाने बहिरेपणाची सुरुवातही बहुधा ४,००० हर्ट्झच्या आसपासच होते. श्रवणतपासणीच्या आलेखात तिथे खळगा दिसतो. आतल्या कानात जन्मतः सुमारे १५,००० केसपेशी असतात, गेलेल्या पुन्हा उगवत नाहीत. ८५ डेसिबलला आठ तास चालतात असे मानले, तर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, आणि १०० डेसिबलला पंधरा मिनिटे उरतात. विसर्जनाची मिरवणूक पंधरा मिनिटांत कोणाची आटपली आहे? रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, सणाच्या मोजक्या दिवशी बारापर्यंत सवलत, हा २०००च्या नियमावलीतला नियम रहिवाशांसाठी आहे. वाजवणाऱ्याचे कान त्याआधीच चार तास स्पीकरपुढे असतात. मला वाटते, घूं गेल्याचा एक फायदा इथे आहे. गुणगुण दाबायला आवाज चढवावा लागत होता, तो आता लागत नाही. तरी फोमचे कानबोळे भाच्याच्या गिटारच्या पिशवीत मी टाकून आलो. घालतो की नाही ते ताईला विचारावे लागेल.

आणि कोणी चिकटलाच तर? त्याला हात लावू नका. आधी वीज बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने किंवा प्लॅस्टिकने वायर बाजूला करा. श्वास नसेल तर छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब द्या आणि १०८ला फोन करायला दुसऱ्याला सांगा. उठून बसला, बरे वाटते म्हणाला, तरी दवाखान्यात नेऊन हृदयाचा आलेख काढा.

गेल्या महिन्यात भाच्याचा पुन्हा फोन आला. खोपोलीच्या मित्राचा बँजो त्याने उघडला होता. आत दोन पिकअप, एक अंगठ्याएवढा पॉट आणि कुठेही पत्रा नाही. तारांपासून अर्थपर्यंत वायरच नव्हती. "मामा, पट्टी किती लागेल?" मी म्हटले, आधी मित्राच्या ॲम्प्लिफायरचा प्लग बघ. थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "बघितला. दोनच पिना आहेत. पण चौकोनात चौकोन नाहीये."